हरण्याचा हंगाम

मोटारींच्या शर्यतीला ‘ग्राँ प्री’ हे नाव फ्रेंच लोकांनी दिले. नाव ऐकून छाती दडपते, परंतु अर्थ अगदी आपल्या जत्रेतला आहे: मोठे बक्षीस. 1906 सालच्या जून महिन्यात ल मां गावाजवळच्या धुळीच्या रस्त्यांवर या नावाची पहिली मोठी शर्यत झाली. दोन दिवस चालली, पल्ला बाराशे किलोमीटरांहून अधिक. जिंकली रेनॉ कंपनीची गाडी, आणि त्या विजयात इंजिनाइतकाच वाटा चाकांचा होता. इतर बहुतेकांचे टायर फुटले की ते चाकूने कापून काढावे लागत. या गाडीच्या मागच्या चाकांची कडीच टायरसकट निघे आणि दुसरी तयार कडी बसवली की गाडी सुटे.

ही माहिती माझी नव्हे, माझ्या पुतण्याची. तो सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात यंत्रविद्या शिकला. शर्यतीच्या मोटारींचे त्याला वेड. रविवारी दुपारी तो टीव्हीसमोर बसतो आणि मलाही बसवतो. मी उभा जन्म एका कारखान्यात यंत्राच्या भागांचे नकाशे काढण्यात घालवला, तेव्हा चार चाके आणि एक सांगाडा समजून घ्यायला मला फार वेळ लागू नये. पण खरे सांगू? त्या कोट्यवधी रुपयांच्या मोटारीकडे पाहताना मला सारखी दुसरीच गाडी दिसत होती. अंगावर मांस नाही, नुसती हाडे. बसायला जागा नावापुरती. जो भाग पळायला मदत करीत नाही तो सरळ काढून टाकलेला. मी म्हणालो, “अरे, ही तर आपली शर्यतीची छकडी!” पुतण्या हसला. मग मी त्याला जे सांगितले तेच वाचकहो, आता तुम्हालाही सांगतो.

माझा जन्म झाला तेव्हा आमचा खानापूर तालुका दक्षिण सातारा जिल्ह्यात होता. 1960 साली जिल्ह्याचे नाव सांगली झाले, पण माणसांच्या सोयरिकी काही नावाबरोबर बदलल्या नाहीत. माझे आजोळ पलीकडे खटाव तालुक्यात, म्हणजे साताऱ्यात. मधून येरळा वाहते. वाहते म्हणजे पावसाळ्यात, एरवी ती वाळूची वाट असते. दोन्हीकडची जमीन सारखीच कोरडी, माणसेही तशीच, आणि बैल मात्र देखणे. खिल्लार जनावर हे या दुष्काळी पट्ट्याचे एकमेव वैभव. आटपाडी, माण, जत, सांगोला इथे ते घडले. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. त्या महालाच्या नावाने खिल्लाराची एक जातच ओळखली जाते. पांढुरका रंग, कसलेले अंग, मागे वळून वर निमुळती होत गेलेली लांब शिंगे आणि डोळ्यांत कायमची धास्ती. दूध बेताचे, तापट तर विचारू नका. पण चाल अशी की चिखलातही खूर रुतू नये.

गाडी करायचे आमच्या गावचे सुतार. त्यांना सारा गाव दादा म्हणे. त्यांच्या पिंपळाखालच्या कामट्यात मी शाळेपेक्षा जास्त शिकलो. शेतमालाची बैलगाडी ही एक वस्तू आणि शर्यतीची छकडी ही अगदी निराळी. लाकूड दोन्हींचे बाभळीचेच. मधला तुंबा, त्यात ठोकलेले बारा आरे, आऱ्यांवर बसवलेले सहा पाटे आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चढवायचा दिवस हा आम्हा पोरांचा सण असे. चाकापेक्षा अंगाने किंचित लहान असलेली ती कडी शेण्यांच्या जाळात लाल करायची, चिमट्यांनी चौघांनी उचलून चाकावर टाकायची आणि वर भराभर पाणी ओतायचे. वाफेचा ढग उठे, कडी आक्रसे आणि सगळे सांधे कुरकुरत एकमेकांत घट्ट बसत. पुढे कारखान्यात तापवून बसवायच्या जोडाचे गणित साहेबाने फळ्यावर मांडले, तेव्हा मला त्या शेण्यांचा वास आला होता.

शर्यतीच्या गाडीत दादा प्रत्येक आरा रंध्याने इतका उतरवीत की पाहणाऱ्याला भीती वाटावी. साटा म्हणून दोन दांड्या आणि चार आडव्या पट्ट्या, बाकी हवा. पण त्यांचा खरा जीव अडकलेला असे तो कण्याच्या जागेत. कणा बोटभर मागे सरकला तर सारा भार जुवावर येतो आणि बैलाची मान सोलून निघते. बोटभर पुढे आला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलते आणि धावत्या बैलांच्या गळ्याला जुपण्या आवळतात. त्यात गाडीवान काही गोणीसारखा स्थिर बसत नाही. तो सुटताना पुढे झुकतो, मध्यावर उकिडवा होतो, शेवटी जवळजवळ बैलांच्या पाठीवर येतो. म्हणून दादा आधी गाडीवानाला बोलवून रिकाम्या साट्यावर बसवीत, तोल पाहत आणि मगच कण्याची खूण करीत. पुतण्याने सांगितले की मोठ्या मोटारींच्या शर्यतीतही चालकाला गाडीबरोबर तोलतात. 2022 च्या हंगामात चालकासकट 798 किलोंहून हलकी गाडी चालत नसे. मी म्हणालो, दादांना किलो ठाऊक नव्हते, पण कोणता गाडीवान दिवाळीत लाडू जास्त खाऊन आला आहे हे ठाऊक असे.

मोटारीला हवा वरून दाबते, तिला पंख उलटे बसवलेले असतात. आमच्या छकडीला दाबणारे कोणी नाही. फार हलकी केली तर दगडावर चाक उडते आणि तो हिसका थेट बैलाच्या खांद्यात जातो. दादांचे एक वाक्य मी कधी विसरलो नाही. “गाडी बैलाच्या मागं आली पायजे, बैलाच्या अंगावर न्हाई.” या वाक्याकडे मी पुन्हा येईन.

आता हंगाम. युरोपात तो वसंतापासून सुरू होतो. आमच्याकडे सुगी उरकली, कार्तिक सरला की जत्रांचे दिवस येतात. मार्गशीर्षाच्या प्रतिपदेला म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ, त्याच महिन्याच्या वद्य पक्षात पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात औंधची यमाई आणि खरसुंडीचा बाजार, मग गावोगावच्या चैत्री जत्रा. आणि मृगाचे ढग दिसले की बैल नांगराला. आज ट्रॅक्टरने नांगर हिरावून घेतल्यामुळे हंगामाची ही शिवणही उसवली आहे, बारमाही मैदाने होतात.

पुण्याकडे खेड-जुन्नरात चढाच्या घाटात गाडा पळवतात आणि घड्याळाच्या सेकंदांवर निकाल लागतो. विदर्भात शंकरपट. आमचे मैदान निराळे. सरळ सपाट माळ, शेजारी शेजारी आखलेल्या वाटा, एका वेळी पाचसात गाड्या सुटणार. गटात पहिला येईल तो सेमीला, तिथला पहिला फायनलला. हे इंग्रजी शब्द धोतरवाल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी इतके रुळले आहेत की त्यांना कोणी परके म्हणेल तर त्यांना राग येईल. दुधाचे दात असलेला खोंड तो आदत, दोन दात आलेला दुसा, चार दातांचा चौसा. बैल तुमचा, दुसरा माझा, अशी जोडी जमवली तर तिला पैरा म्हणतात, आणि पैरा जमवताना होणाऱ्या वाटाघाटी लग्नाच्या याद्यांपेक्षा लांबतात. शर्यत स्वतः दीडदोन मिनिटांत संपते.

माझे धाकटे मामा या दीड मिनिटासाठी वर्षाचे उरलेले दिवस जगत. 2012 च्या पौषात त्यांनी खरसुंडीहून वर्षभराचा एक खोंड आणला. अंगावर हरणासारखी झाक, म्हणून हरण्या. त्याला खपलीचा भरडा, उडदाचे पीठ, वर म्हशीचे दूध आणि अंडी. पहाटे नांगरटीतून चालवणे, उन्हाळ्यात विहिरीत पोहणी. मामी म्हणायच्या, “दूध बैलाला आन् नातवाला कोरा चहा. बैल शाळंत जाणार हाय व्हय?” मामा ऐकून न ऐकल्यासारखे करीत. 2014 च्या चैत्रात गावच्या जत्रेत हरण्या पहिल्यांदा पळाला आणि आदत गटात दुसरा आला. निकालानंतर मामा त्याच्या तोंडाला तोंड लावून काय बोलत होते ते मी विचारले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 7 मे 2014 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर आपल्याकडच्या बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. वाद त्याआधीपासून चालू होता. 2011 साली केंद्र सरकारने बैलाचे नाव खेळ करून दाखवायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले होते, वाघ, अस्वल, माकड यांच्या पंगतीला. न्यायालयाचे म्हणणे असे की बैलाचा देह घोड्यासारखा शर्यतीसाठी घडलेला नाही. तो पळतो तो भीतीने आणि वेदनेने.

मैदानावरची माणसे हे वाक्य ऐकून चिडत. मला मात्र ते सरळ खोडून काढता येत नाही. लहानपणी मी पराणीच्या टोकाला आर पाहिली आहे, बैलांच्या पुठ्ठ्यावर रक्ताचे ठिपके पाहिले आहेत. शेपटी पिरगाळणे हा तर सौम्य प्रकार. दातांनी चावणारे गाडीवान होते. मामा छाती ठोकून सांगत की माझ्या बैलाला कधी आर लागली नाही. ते खरे होते. पण एका जत्रेत शेवटच्या पन्नास हातांत याच मामांनी शेपटी दाताखाली धरलेली मी कुंपणावर बसून पाहिली होती. बैलावर त्यांचे पोटच्या पोरासारखे प्रेम होते, हेही तितकेच खरे. पोटच्या पोरांना आम्ही त्या काळी काय कमी मारत होतो?

बंदीने बैल सुखी झाला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मार्च 2015 पासून राज्यात बैल कापायलाही बंदी आली. हा कायदा योग्य की अयोग्य यात मी शिरत नाही, हिशोब तेवढा सांगतो. नांगर ट्रॅक्टरकडे गेलेला, शर्यत न्यायालयाने थांबवलेली, खाटकाचे दार सरकारने लावलेले. मग खिल्लार खोंड घेऊन करायचे काय? बाजारात गाय आणणारा तिला खोंड झाला की मान खाली घालू लागला. ज्यांच्या दावणीला चार बैल असत त्यांनी एक ठेवला, काहींनी तोही नाही. हरण्याला त्या वर्षी दोन गिऱ्हाइके आली. मामांनी त्यांना चहा पाजला आणि बैल दाखवलासुद्धा नाही.

गंमत पाहा. आपल्या देशातली खरी ग्राँ प्रीही त्याच सुमारास थांबली. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात 2011, 2012 आणि 2013 अशी तीन वर्षे ती झाली आणि तिन्ही वेळा एकच जर्मन तरुण, सेबास्टियन व्हेटेल, जिंकला. पुढे कराचा वाद पेटला. राज्य सरकारच्या मते ती शर्यत खेळ नसून करमणूक होती, आणि करमणुकीवर कर असतो. 2014 साली तो गुळगुळीत रस्ताही मोकळा पडला आणि आमचा माळही. दोन्हीकडे प्रश्न जवळपास एकच होता, याला खेळ म्हणावे की नाही. मोटारींना मात्र दावणीला चारा लागत नाही.

2017 च्या जानेवारीत मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर लोक जमले, तामिळनाडूने कायदा केला, पाठोपाठ महाराष्ट्रानेही केला. पण आपला कायदा उच्च न्यायालयात अडकला. वर्षे जात होती आणि बैलाला वर्षांचे भान माणसासारखे ठेवता येत नाही. हरण्या चौसा झाला, त्याचे सगळे दात आले, तो अंगाने भरला. मामा रोज पहाटे त्याला येरळेच्या वाळूतून फिरवून आणत. कशासाठी, हे त्यांना कोणी विचारीत नसे. 2021 च्या ऑगस्टमध्ये आटपाडी तालुक्यात झरे इथे आमदार गोपीचंद पडळकर यांनी बंदी असताना मैदान भरवले. पोलिसांनी वाटा अडवल्या होत्या, तरी पहाटे गाड्या पळाल्या. मामा गेले नाहीत. “चोरून पळवायला हरण्या काय चोरीचा हाय?” एवढेच म्हणाले.

16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी, अंतर हजार मीटरांच्या आत, काठी-चाबूक नाही, जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी हवी. (पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 18 मे 2023 रोजी या कायद्यावर कायमचे शिक्कामोर्तब केले.) त्या संध्याकाळी गावात फटाके वाजले. हरण्या तेव्हा जवळजवळ अकरा वर्षांचा होता.

मामांनी नवा आदत खोंड घेतला आणि नवी छकडी करायचे ठरवले. दादा जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती, म्हणून मी पुतण्याला घेऊन गेलो. त्याने हौसेने नकाशा काढला: लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चाकांत मोटारसायकलच्या बेअरिंगा. गाडी एका बोटाने ढकलली तरी चालू लागे. मामांनी ती जुपली, थोडी पळवली आणि बैल थांबवले. बैल थांबले, गाडी थांबेना. ती पुढे येऊन हरण्याच्या मागच्या पायांच्या सांध्यांना लागली. जुन्या कण्यात वंगण घालूनही थोडी घासण असे, तीच बैलाची ढाल होती. मी दादांचे वाक्य पुतण्याला सांगितले. तो दोन दिवस गप्प होता. मग त्याने पायाखाली येईल अशी एक पट्टी चाकाला बसवली, शर्यत संपली की गाडीवानाने टाच दाबायची. “आता गाडी बैलाची येसन मानती,” असे मामांनी प्रशस्तिपत्र दिले. पुतण्याने त्या वर्षी मिळवलेल्या सगळ्या गुणांपेक्षा ते त्याला जास्त आवडले असावे.

2022 च्या एप्रिलमध्ये पहिले मैदान. हरण्या पळणार नव्हता, पण खोंड त्याच्याशिवाय टेम्पोत चढेना, म्हणून तोही बरोबर. खोंडाचा पैरा शेजारच्या गावच्या एका बैलाशी ठरला होता. गट पुकारायच्या आधी तासभर तो बैल लंगडला. डॉक्टरांनी मान हलवली. मामांभोवती माणसे जमली. हरण्याला जुपा, म्हणे. अजून अंगात आहे, रोज पहाटे फिरतो, आठ वर्षे थांबलात कशाला? एका तरुणाने तर जू उचलून आणलेसुद्धा. हरण्याने ते पाहिले आणि कान टवकारून आपणहून दोन पावले पुढे आला. जुवाखाली मान द्यायला वाकला. खरे सांगतो, माझ्याही मनात आले की एकदा पळू द्यावे. पुतण्या मात्र माझा हात धरून हळूच म्हणाला, “काका, नको. त्याचा उजवा गुडघा बघा.”

मामा त्याच्या मानेवरून हात फिरवीत बराच वेळ उभे राहिले. लाउडस्पीकरवरून गटाचा नंबर दुसऱ्यांदा पुकारला गेला. मग त्यांनी त्या पोराच्या हातातले जू घेतले आणि टेम्पोत नेऊन ठेवले.

“त्यो पळंल,” ते म्हणाले, “मी सांगितलं तर छाती फुटस्तोवर पळंल. म्हणून तर सांगायचं न्हाई.”

पंचाकडे जाऊन त्यांनी नाव मागे घेतले. भरलेली फी परत मिळत नाही, त्यावर ते काही बोलले नाहीत. दुपारभर आम्ही बाभळीच्या सावलीत बसून इतरांचे गट पाहिले. हरण्या दावे ताणून माळाकडे तोंड करून उभा. दर वेळी झेंडा पडला की त्याच्या पाठीवरचे कातडे थरारून उठे आणि गाड्या लांब गेल्या की पुन्हा शांत होई. मामा गाड्यांकडे कमी आणि त्याच्याकडेच अधिक पाहत होते. फायनल कोणी जिंकली हे मला आज आठवत नाही.

पुढच्या कार्तिकापासून त्याला काम मिळाले. नवा खोंड एकटा सरळ पळत नाही, वाट सोडतो, म्हणून त्याच्या डाव्या खांद्याला हरण्याला जुपून येरळेच्या वाळूत फक्त चालीने न्यायचे. तो कुठे वळायचे, कुठे दम राखायचा ते खोंडाला अंगाने ढकलून शिकवी. आजूबाजूच्या गावांतून लोक आपापले आदत घेऊन येऊ लागले. मामा पैसे घेत नसत, पेंडीचे पोते मात्र घेत. मामींनी त्याला मास्तर म्हणायला सुरुवात केली आणि त्याच्या वाटचे निम्मे दूध नातवाकडे वळवले, तेही मामांना न विचारता.